व्यक्तिचित्रातून शिकवताना

व्यक्तिचित्र म्हणजे एका विशिष्ट माणसाचे चित्र. व्याख्येतला ‘विशिष्ट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शेतकरी, कोळीण किंवा राजा यांचे चित्र कुणाही शेतकऱ्याचे, कोळिणीचे वा राजाचे असू शकते. व्यक्तिचित्रातल्या माणसाला मात्र नाव असते, गाव असते, आणि तो एका ठरावीक काळात जगलेला असतो. म्हणून अशा चित्रासमोर मुलाला बसवले की पहिला प्रश्न येतो, ‘हा कोण?’ मग एकामागून एक प्रश्न सुरू होतात. कधी होता, कुठे राहायचा, डोक्यावर हे काय घातलेय, दागिने खरे आहेत का, हा रागावलाय का. यांतला कोणता प्रश्न इतिहासाचा, कोणता भूगोलाचा आणि कोणता भाषेचा हे शिक्षकाला कळते. मुलाला त्याची गरज नसते. शाळेच्या वेळापत्रकात तास वेगळे असतात, मुलाच्या कुतूहलात ते वेगळे नसतात. प्राथमिक शाळेचे सगळे विषय शिकवायला व्यक्तिचित्र उपयोगी पडते ते याच कारणाने.

मराठी शाळांत व्यक्तिचित्रांची वाण नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत, वर्गात, सभागृहात तसबिरी असतातच. जयंती किंवा पुण्यतिथी आली की तसबीर खाली उतरते, पुसली जाते, तिला हार घातला जातो, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिळ्यावर जाते. पहिलीत आलेले मूल चौथी उत्तीर्ण होईपर्यंत रोज तिच्याखालून ये-जा करते. तरीही त्या तसबिरीतल्या माणसाची नजर समोर आहे की बाजूला, हातात काय आहे, चित्र रंगवलेले आहे की तो फोटो आहे, हे विचारले तर बहुतेक मुलांना सांगता येणार नाही. तसबिरीबद्दल आदर असतो, पण ती पाहिलेली नसते. हे पाहणे शिकवायचे आहे.

पाहणे शिकवायला फार काही लागत नाही, थोडा धीर मात्र लागतो. चित्र समोर ठेवल्यावर पहिली दोन मिनिटे कुणीही बोलायचे नाही, शिक्षकानेही नाही. नंतर मुलांनी फक्त दिसते ते सांगायचे: रंग, कपडे, हात कुठे आहेत, मागे काय आहे. मग हळूहळू अंदाज येऊ लागतात. ‘हा श्रीमंत आहे’, ‘ही दमलीय’, ‘हा खोटे बोलतोय’. इथे शिक्षकाने बरोबर की चूक न सांगता एकच शब्द विचारायचा: ‘कशावरून?’ अमेरिकेत अ‍ॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी चित्रवाचनाची जी पद्धत बांधली, तिच्या मुळाशी अशाच मोजक्या प्रश्नांची साखळी आहे आणि ती अनेक शाळांत वापरली गेली आहे. मराठीत त्या साखळीचा निम्मा भार हा एकटा शब्द उचलतो. ‘कशावरून?’ विचारले की मूल चित्राकडे परत वळते, पुरावा शोधते आणि कधी कधी आपले म्हणणे आपणच मागे घेते. विज्ञान, इतिहास आणि गणितातली सिद्धता या सर्वांची सुरुवात इथे होते.

इतिहासासाठी याचे एक उत्तम उदाहरण पुण्यातच मिळते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1791 मध्ये मुंबईला आला आणि इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने पेशवे दरबारातल्या माणसांची व्यक्तिचित्रे केली. नाना फडणवीस, महादजी शिंदे आणि सवाई माधवराव यांचे चेहरे आज ओळखीचे वाटतात, त्यात वेल्सचा मोठा वाटा आहे. सवाई माधवराव, नाना आणि सेवक असे त्याने 1792 मध्ये केलेले तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पेशव्यांचा जन्म 1774 चा आणि नानांचा 1742 चा. चौथीच्या मुलांनी दोन वजाबाक्या केल्या की अठरा आणि पन्नास ही वये निघतात, आणि चित्राकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. राज्याचा धनी कोवळा तरुण आहे आणि कारभारी पोक्त आहे, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य आता दोन चेहऱ्यांत दिसू लागते. त्या चित्रानंतर तीनच वर्षांनी, 1795 मध्ये, सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून मरण पावले. वेल्सही त्याच वर्षी गेला.

याच दरबाराचे आणखी एक चित्र आहे, आणि ते अधिक मोठा धडा देते. मॅलेट आणि पेशवे यांच्यात 1790 मध्ये झालेल्या तहाचा दरबार टॉमस डॅनिएल या चित्रकाराने रंगवला. तो कॅनव्हास लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. चित्रात माणसांची गर्दी आहे आणि बऱ्याच जणांचे चेहरे नेमके आहेत. पण चित्र पुरे झाले 1805 मध्ये, इंग्लंडमध्ये, तेही वेल्सने मागे ठेवलेल्या रेखाटनांवरून. तह झाला तेव्हा वेल्स अजून भारतात यायचा होता. म्हणजे ज्याने चित्र काढले आणि ज्याच्या रेखाटनांवरून काढले, त्या दोघांपैकी कुणीही तो प्रसंग पाहिलेला नाही. मग हे चित्र खोटे का? चेहरे खरे आणि प्रसंग रचलेला, असे असू शकते का? या प्रश्नावर दहा वर्षांची मुले अर्धा तास वाद घालू शकतात आणि तो अर्धा तास इतिहासाच्या पन्नास प्रश्नोत्तरांपेक्षा मोलाचा असतो. वेल्सच्या हाताखाली काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुण्याच्या चित्रकाराचे नावही मुलांना याच वेळी सांगावे. त्याची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत.

महाराष्ट्रात चौथीचा इतिहास म्हणजे शिवछत्रपती. मुलांच्या मनातला महाराजांचा चेहरा कॅलेंडर, पुतळे, नाटक आणि सिनेमा यांतून तयार झालेला असतो. राज्यभर दिसणारे परिचित चित्र कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांचे आहे, म्हणजे ते विसाव्या शतकातले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनी शैलीत काढलेली महाराजांची लहान आकाराची चित्रे युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर परदेशी गेली. लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि अ‍ॅमस्टरडॅमचे राइक्स म्युझियम यांच्या संग्रहांत ती आहेत. मधल्या काळात भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. ती चूक दाखवून खरे चित्र लोकांसमोर आणण्याचे श्रेय इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांना जाते. ही हकिगत मुलांना जरूर सांगावी. ‘हे चित्र महाराजांचे’ या विधानालाही ‘कशावरून?’ विचारता येते आणि एका मराठी संशोधकाने ते प्रेमापोटीच विचारले, हे मुलांना कळले पाहिजे.

व्यक्तिचित्र कागदावरच असले पाहिजे असे नाही. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती, सगळी क्षत्रप राजा नहपान याची, त्याच्या चेहऱ्याची. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हे पुन्हा ठोकली आहेत. हरलेल्या राजाचा चेहरा जिंकणाऱ्याच्या ठशाखालून अजून डोकावतो. पाचवीच्या मुलाला अपूर्णांकही यात मिळतो आणि सत्तांतराचा अर्थही. उलट प्रकार जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. तेथील लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती कोरल्या होत्या आणि प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नाव होते. आज मूर्ती गेल्या आहेत, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. नावे मात्र वाचता येतात. त्या भागातल्या शाळेची सहल तिथे गेली तर मुलांना रिकाम्या भिंतीसमोर उभे करून विचारावे की त्यांतली नागनिका राणी कशी दिसत असेल. अंदाज बांधायला मग तिच्या काळाचे कपडे, दागिने आणि केशरचना शोधाव्या लागतात, आणि अभ्यास तिथून पुढे चालू लागतो.

भूगोल व्यक्तिचित्राच्या कडेकडेने येतो. चेहऱ्याइतकेच कपड्यांकडे पाहिले की तो दिसतो. मराठा सरदारांच्या आणि पेशव्यांच्या चित्रांत मोत्यांच्या माळा, कानात भिकबाळी किंवा चौकडा असतो. ते मोती आपल्याकडे ‘बसरा मोती’ म्हणून ओळखले गेले, कारण इराणच्या आखातात सापडणारे मोती बसऱ्याच्या बाजारातून येत. नकाशावर बसरा, मस्कत आणि मुंबई यांच्यामधून दोरी ओढली की एका दागिन्याचा प्रवास फळ्यावर उभा राहतो. डोक्यावरच्या वस्त्राचा अभ्यास तर स्वतंत्र तास घेण्याजोगा आहे. पगडी, पागोटे, फेटा, मुंडासे, रुमाल, टोपी हे शब्द आज मुलांच्या तोंडी फारसे नाहीत. कोणत्या चित्रात काय आहे हे ओळखायचे, आणि घरी जाऊन आजोबांच्या किंवा पणजोबांच्या फोटोत डोक्यावर काय आहे ते पाहून यायचे. वर्गातल्या तीस घरांची नोंद एका तक्त्यात मांडली की माहितीचे वर्गीकरण आणि आलेखही त्यात होऊन जातो.

विज्ञानासाठी सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे एक चित्र पुरेसे आहे. सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांनी 1945-46 च्या सुमारास हातात समई घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र काढले. समोर त्यांची मुलगी गीता उभी होती. हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. एका हाताने तिने ज्योत आडवली आहे आणि बोटांच्या फटींतून, बोटांच्या कडांतूनही लालसर उजेड झिरपतो आहे. मुलांना विचारावे, बोटे लाल का दिसतात? मग वर्गाची दारे-खिडक्या लावून विजेरी तळहातामागे धरावी. कातडी आणि रक्त यांतून लाल प्रकाश इतर रंगांपेक्षा अधिक पार जातो, हे मुलांना स्वतःच्या हातावर दिसते. पारदर्शक, अर्धपारदर्शक आणि अपारदर्शक हे शब्द त्यानंतर सांगावेत, आधी नाही. सावली कुठे पडेल, ज्योत खाली घेतली तर चेहऱ्याचा कोणता भाग काळोखात जाईल, हेही करून पाहता येते.

या चित्राला एक गैरसमज चिकटलेला आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचे समजतात. रविवर्मा 1906 मध्ये वारले आणि चित्र त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी झाले. तिसरीतले मूलही ही चूक आकड्यांनी खोडून काढू शकते, आणि मोठ्यांची चूक पुराव्याने खोडून काढता येते हा अनुभव त्या वयात फार काळ टिकतो.

शरीरशास्त्राचा भाग लहान मुलांसाठी आरशापासून सुरू होतो. पहिली-दुसरीतल्या मुलांचे दुधाचे दात पडत असतात, त्यामुळे त्या वयातले आत्मचित्र म्हणजे दातांच्या धड्याची नोंदवही असते. दुधाचे दात वीस, पुढे पक्के दात बत्तीस. गालावर हात ठेवून चावण्याची क्रिया केली की कवटीच्या हाडांपैकी फक्त खालचा जबडा हलतो हे कळते. आरशात पाहून काढलेल्या चित्रात भांग उलट बाजूला जातो. फोटो शेजारी ठेवला की आरशातली प्रतिमा उजवी-डावी कशी बदलते हे शिकवायला वेगळे साहित्य लागत नाही.

गणिताकडे वळताना प्रमाण हा विषय पुढे येतो. लहान मूल चेहरा काढते तेव्हा डोळे कपाळाच्या वरच्या भागात जातात. दोरीने मोजायला सांगितले की मुलांना आश्चर्य वाटते, कारण डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. चेहऱ्याच्या रुंदीत सुमारे पाच डोळे मावतात. भारतीय परंपरेत हे मोजमाप शास्त्र म्हणून मांडले गेले. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात माणसाच्या आकृतीची पाच मापे दिली आहेत. त्यांतले ‘हंस’ हे माप 108 अंगुळांचे, चेहरा 12 अंगुळांचा. म्हणजे पूर्ण उंचीत नऊ चेहरे. मुलांनी एकमेकांना मोजले की कुणीच नऊ चेहऱ्यांचे निघत नाही. आकडे त्याहून कमी येतात आणि धाकट्या भावंडाचा आकडा आणखी कमी असतो. आदर्श माप आणि खरी माणसे यांतला फरक मोजपट्टीने समजतो आणि सरासरी काढण्याचे कारणही मिळते. सुंदर चेहऱ्यात म्हणे एक ‘सोनेरी गुणोत्तर’ असते, असे सांगणारी आकर्षक पाने शिक्षकांपर्यंत पोहोचत असतात. ती वापरू नयेत. त्या दाव्याला भक्कम आधार नाही, आणि मुलांना स्वतःच्या चेहऱ्यात उणीव शोधायला शिकवणे हा गणिताचा हेतू असू शकत नाही. त्यापेक्षा ‘मोनालिसा’चे माप फळ्यावर काढावे: उंची 77 आणि रुंदी 53 सेंटिमीटर. जगातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध व्यक्तिचित्र एवढे लहान आहे, हे पाहून मुले थक्क होतात आणि आपणहून क्षेत्रफळ काढू लागतात.

भाषेच्या तासाला मराठीने आधीच सोय करून ठेवली आहे. रंगवलेल्या आणि लिहिलेल्या, दोन्ही चित्रांना आपण ‘व्यक्तिचित्र’ म्हणतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आणि पु. ल. देशपांडे यांची ‘व्यक्ती आणि वल्ली’ ही पुस्तके मराठी घरांत वाचली जातात ती त्यातल्या माणसांसाठी. लेखक कुठून सुरुवात करतो, नाकापासून की चालण्यापासून, हे चित्रकाराच्या निवडीसारखेच आहे. प्राथमिकच्या मुलांसाठी मात्र वाक्प्रचारांपासून सुरुवात करणे सोपे जाते. नाक मुरडणे, डोळे वटारणे, भुवया उंचावणे, कपाळाला आठ्या पडणे, गाल फुगवणे, तोंड वेंगाडणे, ओठ चावणे, जीभ चावणे: चेहऱ्याभोवती मराठीने केवढा संसार मांडला आहे! हे आधी आरशासमोर करून पाहायचे, मग चितारायचे, आणि शेवटी वाक्यात वापरायचे. या क्रमाने शिकलेला वाक्प्रचार अर्थाच्या यादीतून पाठ करावा लागत नाही. वरच्या वर्गातल्या मुलांनी चित्रातल्या माणसाला पत्र लिहावे, किंवा त्याच्या तोंडी एक दिवसाची रोजनिशी घालावी.

नागरिकशास्त्रासाठी सर्वांत स्वस्त व्यक्तिचित्र खिशातच असते. शंभर रुपयांच्या नोटेवरचा महात्मा गांधींचा चेहरा भिंगाखाली पाहिला की तो असंख्य बारीक रेषांनी बनलेला दिसतो आणि बोट फिरवले की उठावही जाणवतो. हा चेहरा 1946 मधल्या एका फोटोवरून घेतलेला आहे. मागच्या बाजूच्या पट्ट्यातल्या पंधरा भाषा ओळखणे हा याच तासाचा पुढचा भाग.

याहून अवघड आणि महत्त्वाचा प्रश्न हा की व्यक्तिचित्रे कुणाची काढली गेली. फोटो येण्यापूर्वी स्वतःचे चित्र काढून घेणे पैशाचे आणि सत्तेचे काम होते. म्हणून जुन्या चित्रांत राजे, सरदार, सावकार भेटतात. त्यांचे मोती ओवणारा, पागोटे बांधणारा, घोडा राखणारा माणूस क्वचित दिसतो, आणि दिसला तरी त्याचे नाव कुणी लिहिलेले नसते. वेल्सच्या चित्रातले सेवक ‘सेवक’ म्हणूनच नोंदले गेले. एम. व्ही. धुरंधर यांच्यासारख्या थोर चित्रकाराने ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी सुंदर चित्रे काढली, पण त्यातल्या स्त्रिया आपापल्या जातीच्या किंवा प्रांताच्या नमुना म्हणून उभ्या आहेत. नमुना आणि माणूस यांतला हा फरक मुलांच्या लक्षात यावा. मग मुलांनी अशा माणसाचे व्यक्तिचित्र करावे ज्याचे कुणी कधी काढले नाही: शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, शिपाईकाका, एसटीचे वाहक, शेतात निंदणी करणारी आजी. आधी त्यांच्याशी बोलावे, परवानगी घ्यावी, समोर बसवून काढावे आणि चित्राखाली पूर्ण नाव लिहावे. हे नाव लिहिणे हा या उपक्रमाचा गाभा आहे.

रंगांची एक अडचण प्रत्येक वर्गात येते. खडूंच्या डबीत एक फिकट गुलाबी कांडी असते आणि मुले तिला बिनदिक्कत ‘स्किन कलर’ म्हणतात. वर्गातल्या एकाही मुलाचा हात त्या रंगाचा नसतो. अशा वेळी ती डबी बाजूला ठेवावी आणि पिवळा, लाल, तपकिरी आणि थोडा निळा मिसळून प्रत्येकाला आपल्या मनगटाचा रंग तयार करायला लावावा. तीस मुलांच्या तीस छटा ओळीने चिकटवल्या की काळा-गोरा ही भाषा आपोआप अपुरी पडते. मिश्रणाचे प्रमाण लिहून ठेवले तर ते गणितही होते.

काही पथ्ये पाळावी लागतात. सुरुवातीला मुलांना एकमेकांचे चेहरे काढायला लावू नये. चिडवाचिडवीला निमित्त मिळते आणि एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावरचा डाग किंवा व्यंग सगळ्यांच्या नजरेत येते. आधी स्वतःचा चेहरा, मग घरातल्या माणसाचा. काही घरांत माणसाचे चित्र काढणे धर्माला मान्य नसते. तिथे त्या माणसाच्या वापरातल्या वस्तूंचे चित्र काढावे: चष्मा, चप्पल, अडकित्ता, शिवणयंत्र. वस्तूंवरून माणूस ओळखणे हीही तितकीच चांगली चित्रविद्या आहे. कमी दिसणाऱ्या मुलांना नाणी आणि अर्धपुतळे हाताने पाहू द्यावेत. चित्र हुबेहूब आले की नाही यावर गुण देऊ नयेत. मुलाने काय पाहिले, काय विचारले आणि ‘कशावरून?’ला काय उत्तर दिले, तेवढेच वहीत नोंदवावे.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 या दोन्हींत कला इतर विषयांशी जोडून शिकवावी असे म्हटले आहे. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ पाठाच्या शेवटी चित्राला रंग भरणे असा होतो. रंग भरलेले चित्र पाहिलेले असतेच असे नाही. चित्र पाठाच्या सुरुवातीला यावे, आणि त्याने उभे केलेले प्रश्न पाठाने सोडवावेत. वर्षात अशी सहा-सात व्यक्तिचित्रे नीट पाहून झाली तरी भरपूर आहेत. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, औंधचे श्री भवानी संग्रहालय आणि पणजीत फुंदासांव ओरिएंतकडे असलेला आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह, यांपैकी जे जवळ असेल तिथे एकदा तरी मुलांना न्यावे. छापील चित्रात रंगाचा थर आणि कुंचल्याची खूण दिसत नाही.

जिथे संग्रहालय दूर आहे, तिथे सोमवारी शाळेतलीच एखादी तसबीर खिळ्यावरून उतरवावी. हार काढून, काच पुसून ती मुलांच्या मध्यभागी जमिनीवर ठेवावी आणि दोन मिनिटे सगळ्यांनी गप्प बसून तिच्याकडे पाहावे.